हेतरामभाऊंची रिकामी जोडी

आमच्या राईस मिलमध्ये नोकरीची मुलाखत बसून होत नाही, चालून होते. उमेदवार फाइल छातीशी धरून खुर्चीत बसतो, घसा खाकरतो आणि पहिल्या प्रश्नाची वाट बघतो, तेवढ्यात हेतरामभाऊ त्याला दंडाला धरून उठवतात. "चल गा, एक चक्कर मारू." मग धान वाळवायच्या पक्क्या आवारात दोघे एक फेरी मारतात. भाऊ बोलत नाहीत. उमेदवाराच्या तोंडाकडे बघतसुद्धा नाहीत. ते बघतात पाय. फेरी संपली की ऑफिसच्या पायरीशी थांबतात आणि निकाल सांगतात, "जमते" किंवा "नाही जमत." एकदा एक आयटीआय झालेला पोरगा रडवेला होऊन मला विचारत होता, "मॅडम, माझं नेमकं काय चुकलं?" मी तरी काय सांगणार? त्याचा डावा पाय चुकला होता.

हेतराम रहांगडाले हे आमच्या मिलचे इन्चार्ज. मिल आमच्या धानपट्ट्यातल्या गोरेगावच्या बाहेर, चारी बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेते, आणि मधोमध आमचे पत्र्याचे शेड. भाऊ उंच, काटक, खांद्यावर पांढरा दुपट्टा. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. मिलमधले सगळे त्यांना भाऊ म्हणतात. मालकांचा मुलगा, ज्याला आम्ही छोटे सेठ म्हणतो, तो तेवढा काकाजी म्हणतो.

भाऊंच्या आयुष्याचे एकच तत्त्वज्ञान आहे आणि ते चार शब्दांत संपते. "चाल जुळली पाहिजे बापा." तांदळात कणकी, म्हणजे तुकडा, जास्त पडली, तर आम्ही म्हणतो धान ओले होते. भाऊ म्हणतात, "पॉलिशरवरच्या दोघायची चाल बिघडली असन, पाहा." माझ्या मावसबहिणीचे लग्न मोडले तेव्हा घरात सुतक असल्यासारखे झाले होते. भाऊंना कळले तर ते शांतपणे म्हणाले, "मले मांडवातच दिसलं होतं. फेरे घेताना नवरदेव पुढे पुढे निघून राहिला होता."

हे सगळे आले पटातून. शंकरपट म्हणजे आमच्याकडच्या बैलजोड्यांच्या शर्यती. तरुणपणी भाऊ पटात जोडी हाकायचे. हाकणाऱ्याला धुरकरी म्हणतात आणि भाऊंना अजूनही कोणी त्या नावाने हाक मारली तर ते मान न वळवता हसतात. बैलबाजारात जाताना आसपासच्या गावचे लोक त्यांना सोबत न्यायचे. भाऊ खांदा बघत नसत, शिंगे बघत नसत. दोन बैल शेजारी चालवायचे आणि मागून पाय बघायचे. "दोन ताकदवान बैल बांधले म्हनून जोडी होत नाही. एक पळते आन दुसरा ओढला जाते, ते जोडी नोहे. ते भांडन होय."

पुढे बैल गेले, ट्रॅक्टर आले, भाऊ मिलमध्ये लागले. त्यांनी बैलांचा नियम माणसांना लावला, इतकेच. आमच्या मिलमध्ये कोणी एकटे काम करत नाही. ड्रायरवर दोघे, पॉलिशरवर दोघे, ट्रकच्या वजनकाट्यावर दोघे, हमाल तर दोन-दोनच. जोडी भाऊ लावतात. मोडायची असेल तर तेच मोडतात. त्यात विचारणे, सांगणे, अर्ज-विनंती काही नाही.

पोळ्याच्या दिवशी तर कहर होतो. भाऊ सगळ्या जोड्यांना आवारात ओळीने उभे करतात आणि प्रत्येकाच्या कपाळाला टिळा लावतात. नवीन माणसाला वाटते मिलची काहीतरी पूजा असेल. मग त्याच्या लक्षात येते की आजचा सण कोणाचा आहे. काट्यावरचे डोमाजी दरवर्षी ओरडतात, "भाऊ, टिळा लावला, मंग झूलही आना!" भाऊंना यात विनोद दिसत नाही. ते पुढच्या कपाळाकडे वळतात.

त्यांच्या पद्धतीने नेहमी बरोबरच जोड्या लागतात, असे मात्र कोणी समजू नये. योगराजची गोष्ट आमच्याकडे अजून जेवताना निघते. योगराज सालेकशाकडचा तरुण गडी. मुलाखतीला येताना त्याने भावजीचे बूट घातले होते, तेही एक नंबर लहान. बिचारा आवारात मोजून-मापून पाय टाकत चालला. भाऊ खूश. "काय ठेहराव आहे पोट्ट्याच्या चालीत!" असे म्हणून त्यांनी त्याची जोडी काट्यावर डोमाजींशी लावली. डोमाजी म्हणजे चष्मा शोधण्यात सकाळ घालवणारा माणूस. दुसऱ्या दिवशी योगराज चपला घालून आला आणि घोड्यासारखा आवारभर उधळायला लागला. ट्रक फाटकात शिरायच्या आत तो ट्रकच्या टपावर, आणि डोमाजी अजून खुर्चीतून उठतायत. दोघांत रोज कडाक्याचे भांडण. शेवटी बोलणेच बंद झाले. ट्रकवाल्याला एक जण म्हणे पुढे घे, दुसरा म्हणे मागे घे.

दुसरा कोणी असता तर चूक कबूल करून जोडी बदलली असती. भाऊ म्हणाले, "चाल त्यानं बदलली, मी कायले जोडी बदलू?" त्यांनी वेगळाच हुकूम काढला. योगराजने डब्यात फक्त भात आणायचा. डोमाजींनी फक्त भाजी. बैल एका गव्हाणीत खाऊ लागले की एकमेकांना शिंगे मारत नाहीत, हा त्यामागचा विचार. पहिल्या दिवशी योगराजने रागाने भातच आणला नाही आणि डोमाजी वांग्याची भाजी नुसती खात बसले. दुसऱ्या दिवशी डोमाजींनी सूड म्हणून भाजीत मिरच्यांचा मारा केला. पण उपाशी माणूस किती दिवस रागावणार? काही दिवसांनी योगराज डोमाजींचा चष्मा स्वतः शोधून द्यायला लागला आणि डोमाजी ट्रकचा आवाज आला की खुर्चीतून थोडे आधी उठायला लागले. भाऊंनी हे श्रेय अर्थातच बुटांना दिले नाही.

आता माझे सांगते. मी ऑफिसात कॉम्प्युटरवर असते. माझीही मुलाखत त्याच आवारात झाली होती. मी मुळातच हळू चालणारी. आई म्हणते, "तू बाजारात पोचेपर्यंत बाजार उठते व." शाळेत प्रभातफेरीत मी नेहमी शेवटी असायची, आणि ती फेरी संपली तरी मी यायची असायची. भाऊंसोबत फेरी मारताना मला वाटले, झाले, आपण नापास. पण भाऊही माझ्याइतकेच हळू चालत होते. मी त्यांच्या शेजारून पुढे गेले नाही, कारण ते मला जमतच नाही, आणि पहिल्यांदाच मागेही पडले नाही. पायरीशी येऊन ते थांबले. माझ्या पायांकडे बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "जमते. पन तुही जोडी सध्या रिकामी राहीन."

ती रिकामी राहिली ती राहिलीच. माझ्यानंतर ऑफिसात दोघे आले, त्यांची आपसात जोडी लागली. मला मिलमध्ये 'रिकामी जोडी' असेच नाव पडले. पोळ्याला ओळीच्या टोकाला मी एकटी. टिळा लावून घ्यायची आणि समोरून कोणी फोटो काढू नये म्हणून मान खाली घालायची. थट्टेत मी हसायची, पण मनात एक काटा होताच. एवढ्या मोठ्या मिलमध्ये आपल्याशी चाल जुळणारे एकही माणूस या माणसाला सापडू नये?

एकदा मी टोमणा मारला, "भाऊ, तुमची जोडी कोणती? तुम्हीपण एकटेच की." भाऊ म्हणाले, "धुरकरी जोडीत राहत नाही." आणि निघून गेले. निघून गेले म्हणजे, हळूहळू गेले.

कारण भाऊंची स्वतःची चाल हा एक वेगळाच विषय आहे. उजवा पाय पुढे, मग डावा जरासा ओढून त्याच्या बरोबरीला, मग एक क्षण थांबायचे, मग पुन्हा उजवा. आणि चालायचे ते नेहमी डाव्या कडेने, उजव्या हाताला एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. अरुंद बोळातूनसुद्धा ते भिंतीला घासत जातात. डोमाजींचे म्हणणे गुडघे गेले. योगराजचे म्हणणे पटात पडले असतील. मलाही यातले काहीतरी खरे वाटायचे, जोपर्यंत मी त्यांना धावताना पाहिले नव्हते.

झाले असे की एका दुपारी योगराजचा दुपट्टा मशीनच्या पट्ट्यात अडकला. तो ओरडला आणि आम्ही सगळे जागच्या जागी दगड झालो. भाऊ आवाराच्या दुसऱ्या टोकाला होते. ते धावले. असे धावले की दुपट्टा, चपला सगळे मागे पडले, आणि त्यांनी बटण बंद केले तेव्हा आमच्यातला कोणी अजून हललाही नव्हता. योगराजच्या मानेवर फक्त लाल वळ उठला. भाऊंनी त्याला पाणी पाजले, एक शिवी हासडली, चपला शोधल्या आणि परत उजवा पाय पुढे, डावा ओढून, थांबून चालायला लागले. मी विचारले, "भाऊ, तुम्ही तर चांगले धावता!" तर म्हणाले, "धावलो? कवा?"

भाऊंचा आणखी एक हट्ट होता आणि त्यावरूनच पुढचे सगळे घडले. संध्याकाळी पाचचा भोंगा वाजला की भाऊ घरी जात. फाटकात ट्रकांची रांग असो, मोठे सेठ स्वतः उभे असोत, पाच म्हणजे पाच. जुन्या मोटारसायकलला किक मारायची आणि जायचे. मोठे सेठ हे चालवून घेत. पण कारभार छोट्या सेठच्या हातात आला आणि गेल्या हंगामात संध्याकाळी दोनदा घोटाळा झाला. भाऊ गेल्यावर जोड्या आपापसात भांडल्या आणि बारीक धानाच्या हौदात जाडे धान ओतले गेले. छोट्या सेठने भाऊंना ऑफिसात बोलावले. मी तिथेच बसले होते.

"काकाजी, मुझे आपही चाहिए. आप नही होते तो ये लोग बिगड जाते है. बस, सीझन में आठ बजेतक रुकिए."

"पाच म्हनजे पाच, बाबू."

"क्यों लेकिन? कारण तरी सांगा."

भाऊंनी कारण सांगितले नाही. छोटे सेठ वाईट माणूस नाही. त्याने पुष्कळ समजावले. शेवटी तोही वैतागला. म्हणाला, "हंगाम सुरू होण्याच्या आत विचार करून सांगा. नाहीतर मला दुसरा इन्चार्ज बघावा लागेल." भाऊ म्हणाले, "पाहा." आणि बाहेर गेले. त्या दिवसापासून मिलमध्ये दुसरे बोलणेच नव्हते. भाऊ गेले तर जोड्या कोण लावणार? एरवी त्यांच्या नावाने बोटे मोडणारा योगराजसुद्धा हेच विचारत फिरायला लागला.

मधल्या काळात छोट्या सेठने नागपूरहून एक प्रशिक्षक बाई बोलावल्या. एकदिलाने काम कसे करायचे ते शिकवायला. आवारात मंडप, खुर्च्या, नाश्त्याला आलुबोंडे. भाऊ नाक मुरडतील असे आम्हाला वाटले होते. पण ते पहिल्या रांगेत बसले आणि प्रत्येक वाक्याला मान डोलवत राहिले. प्रशिक्षक बाई बोलायच्याही छान. मग त्यांनी तीन पायांची शर्यत लावली. दोघांनी शेजारी उभे राहायचे, एकाचा डावा आणि दुसऱ्याचा उजवा पाय दुपट्ट्याने बांधायचा आणि पळायचे. भाऊ उठून उभेच राहिले. "हेच तर मी सांगून राहिलो या लोकायले! इतक्या वर्षांपासून!"

सगळ्यांच्या जोड्या तयार होत्याच. उरलो भाऊ आणि मी. बाईंनी आमचे पाय बांधले. शिट्टी झाली आणि पहिल्या दहा पावलांत आवारात माणसांचा ढीग पडला. डोमाजी योगराजच्या खाली, योगराज हमालांच्या खाली. मग सगळे उठले, धूळ झटकली, पुन्हा पडत-धडपडत पलीकडे पोचले. भाऊ आणि मी मात्र चाललो. बांधलेले पाय पुढे, मोकळे ओढून बरोबरीला, थांबून, पुन्हा. एकदाही अडखळलो नाही. पोचलो तेव्हा शर्यत संपून नाश्ता सुरू झाला होता आणि आलुबोंडे संपत आले होते. भाऊ पाय सोडवता सोडवता माझ्या पावलांकडे बघत होते. काहीतरी बोलणार होते. मग म्हणाले, "आलुबोंडा घे," आणि पाचचा भोंगा झाला म्हणून निघून गेले.

धान कापणी सुरू झाली तशी छोट्या सेठची घाई वाढली. एका दुपारी तो मला म्हणाला, "रेखाजी, तुम्ही एकदा काकाजींच्या घरी जाऊन बघा. तुमचं ऐकतील. आणि तुमची जोडी नाही, त्यामुळे कोणाचं काम अडणार नाही." रिकामी असण्याचा हा पहिलाच फायदा. भाऊ निघाल्यावर थोड्या वेळाने मी स्कूटी काढली. त्यांचे गाव मिलपासून जवळच आहे, पण तिथे कोणी कधी गेले नव्हते. भाऊ कोणाला बोलावतच नसत.

घराचे फाटक उघडे होते. अंगण सारवलेले, एका बाजूला तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग. अंगणात एक गोल वाट पडलेली होती, मळणीच्या खळ्यात बैल फिरून पडते तशी. त्या वाटेवरून एक बाई चालत होत्या. त्यांचा डावा हात पोटाशी दुमडलेला. उजवा पाय पुढे, डावा ओढून त्याच्या बरोबरीला, एक क्षण थांबायचे, मग पुन्हा उजवा. आणि त्यांच्या डाव्या अंगाला, अगदी लागून, हात न धरता, भाऊ चालत होते. उजवा पाय, डावा ओढून, थांबून.

मी फाटकातच उभी राहिले. मिलच्या आवारात रोज बघितलेली ती चाल भाऊंची नव्हतीच. ती या बाईंची होती. आणि उजव्या हाताची ती रिकामी जागासुद्धा यांचीच.

भाऊंनी मला पाहिले, नुसती मान हलवून बाजेवर बसायला सांगितले, पण फेरी तोडली नाही. फेरी संपल्यावर काकू, म्हणजे भाऊंची बायको, माझ्या शेजारी येऊन टेकल्या. भाऊ उभेच.

"सेठनं पाठवलं?"

"हो."

"मंग सांगजो त्याले. पाच म्हनजे पाच."

"काय पाच?" काकूंनी लगेच विचारले. "कायचं पाच? काय लपवून राहिले तुम्ही?"

भाऊंनी घरी एका अक्षरानेही सांगितले नव्हते. ते मला डोळ्यांनी गप्प राहायला खुणावत होते, आणि काकू माझ्याकडे अशा बघत होत्या की गप्प राहणे शक्य नव्हते. मी सगळे सांगून टाकले. काकूंचा आवाज लकव्याने जड झालेला होता, पण धार जशीच्या तशी होती.

"माह्या एका पायापायी नोकरी घालवता? डोकं फिरलं का तुमचं?"

"डॉक्टरनं रोज चालाले सांगितलं. दिवस बुडाच्या आत. मी आठ वाजता येईन तं तुले चालवन कोन?"

"काठीनं चालीन."

"काठीची चाल तुह्याशी नाही जुळत."

काकू मला म्हणाल्या, "पाहिलं व? काठीचीही चाल पाहतेत हे!" आणि हसल्या. मग त्यांनीच सांगितले. लकवा मारला त्याला बरीच वर्षे झाली. पोरगा हैदराबादला कामाला. शेजारची सून चालवायला यायची. चांगली पोरगी, पण पायाला घाई. हात धरून पुढे ओढायची. काकू दोनदा पडल्या, दुसऱ्यांदा मनगट मोडले. तेव्हापासून भाऊ कोणाला हात लावू देत नाहीत. दिवसभर मिलमध्येही ते त्याच चालीने चालतात. कारण एकदा आपली चाल पायात आली की संध्याकाळी पुन्हा मोडायला वेळ लागतो, असे त्यांचे म्हणणे.

मी म्हणाले, "भाऊ, मिलमध्ये एवढ्या जोड्या लावल्या. इथे एक लावता नाही आली?"

भाऊ तणसाच्या ढिगाकडे बघायला लागले. एक काडी ओढून दातात धरली.

"बैलाले इचारा लागत नाही. मिलमधल्या लोकायलेही मी कवा इचारलं नाही. कामाचे पैसे घेतेत, तं चालतेत. हे घरचं होय, बाई. इथं मानसाले इचारा लागते." दातातली काडी फेकून म्हणाले, "मले इचारता येत नाही."

"कोणाला विचारायचं होतं?"

भाऊ माझ्या पायांकडे बघत होते.

काकूंनी माझ्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. "हेच का हो ते पोरगी? रिकामी ठेवली म्हनून नेहमी सांगत राहता, ते?"

मला राग यायला हवा होता. पोळ्याला ओळीच्या टोकाला एकटी उभी राहायची ती मी होते. आपण कोणाच्याच उपयोगाच्या नाही असे समजून चालले होते. आणि हा माणूस मला पहिल्याच दिवसापासून आपल्या घरातल्या सगळ्यात नाजूक जागेसाठी राखून ठेवून बसला होता, आणि एका वाक्यासाठी त्याची जीभ उचलत नव्हती. राग आला नाही. डोळे भरून आले, ते मी पदर नसल्यामुळे ओढणीने पुसले.

मी चपला काढल्या आणि काकूंच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले. "चला काकू. एक चक्कर मारू."

पहिल्या फेरीत जरा चुकले. दुसऱ्या फेरीत जमले. भाऊ अंगणाच्या मधोमध उभे राहून आमचे पाय बघत गोल गोल वळत होते. काकू अर्ध्या वाटेत थांबल्या आणि ओरडल्या, "अगा बापा, हे पोरगी तं माह्यापेक्षाही हळू चालते!" ही माझ्या चालीची आयुष्यातली पहिली तारीफ.

निकाल काय तो भाऊंनी सांगितला नाही. मी फाटकाबाहेर स्कूटी वळवत असताना मागून आवाज आला. "जमते."

छोट्या सेठशी बोलायला मग वेळ लागला नाही. मी आता सकाळी लवकर येते आणि पाचच्या आधी काकूंकडे निघते. भाऊ आठपर्यंत थांबतात. हंगाम जोरात आहे, चोरखमारा तलावाच्या कालव्याखालचे धान रोज येते आहे, आणि जाडे धान जाड्याच्याच हौदात पडते. काकू मला मिलच्या सगळ्या बातम्या विचारतात आणि योगराजच्या बुटांची गोष्ट ऐकून त्यांना चालता येईना इतक्या हसल्या. मिलमध्ये अजून मला काही जण रिकामी जोडी म्हणतात. मी दुरुस्त करत नाही.

परवा मी निघाले आणि अर्ध्या रस्त्यात लक्षात आले की मोबाईल टेबलावरच राहिला. परत फिरले. फाटकाशी पोचले तोच पाचचा भोंगा झाला. धानाने भरलेला एक ट्रक फाटकातच उभा होता आणि योगराज आडवा हात करून त्याच्यापुढे उभा. मी ट्रकच्या बाजूने वाकून आत पाहिले. आवार मोकळे होते. हमाल भिंतीला टेकून उभे होते, मशीनवरचे दारात आले होते. आणि मधोमध भाऊ एकटेच फेरी मारत होते. उजवा पाय, डावा ओढून, थांबून. उजव्या हाताला एका माणसाची जागा सोडून.

ड्रायव्हर परगावचा असावा. त्याने वैतागून हॉर्न वाजवला. वजनकाट्यावरून डोमाजी ओरडले, "थांब ना बे! भाऊ घरी गेलेत, दिसत नाही का? आता येतीन."

ड्रायव्हरने समोर चालणाऱ्या भाऊंकडे पाहिले, मग डोमाजींकडे. काही न समजता त्याने इंजिन बंद केले.

मी मोबाईल तसाच राहू दिला आणि स्कूटी वळवली. काकू बाजेवर चप्पल घालून बसल्या असतील.